नव्या कॉम्प्युटरवर अपग्रेड व्हर्जन बसत नाही, तेव्हा आधी मूळ लायसन्स शोधा

नवा कॉम्प्युटर टेबलावर आला आहे. जुन्या खोक्यातली डिस्क काढून सॉफ्टवेअर टाकायला घेतलं, पंचवीस अक्षरांची की दोनदा तपासून भरली, आणि उत्तर आलं की ही की फक्त अपग्रेडसाठी आहे, कोऱ्या मशिनवर चालणार नाही. कुणाकडे इन्स्टॉलर मध्येच थांबतो आणि आधीच्या व्हर्जनचा सीरियल नंबर मागतो. कुणाकडे सगळं सुरळीत बसतं, आणि पहिल्यांदा उघडताना कळतं की ठरलेल्या कॉम्प्युटरांची संख्या आधीच भरली आहे.

इंदूरमध्ये रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांतली मराठी मंडळींची छोटी ऑफिसं, एक-दोन छापखाने आणि बरीचशी घरं यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. ही अडचण वर्षातून दोन-चार वेळा यायचीच. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, तोही ऐन दिवाळीच्या तोंडावर. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या मशिनांवर ते चढत नाही. मग एकदम सगळ्यांनी नवी मशिनं घेतली, आणि तेव्हापासून मला याच कारणासाठी सतत फोन येतात. फोनवर हे समजावताना निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

फरकाची पावती

बहुतेकांची समजूत अशी असते की अपग्रेड म्हणजे स्वस्तात मिळालेलं नवं सॉफ्टवेअर. तसं ते नाही, आणि सगळ्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

अवंतिकाने मुंबईला निघालात, तिकीट स्लीपरचं आहे. गाडीत टीटीई म्हणाला थर्ड एसीत बर्थ रिकामा आहे. तुम्ही भाड्यातला फरक भरला आणि त्याने पावती फाडून दिली. ती पावती खरी आहे, पैसे तुम्ही खरेच भरले आहेत. पण मूळ तिकीट हरवलं आणि हातात नुसती फरकाची पावती उरली, तर तुम्ही विनातिकीट. अपग्रेड लायसन्स म्हणजे ही फरकाची पावती. तुम्ही पूर्ण किंमत भरलेली नाही, आधीच्या व्हर्जनची किंमत वजा करून उरलेली भरली आहे. म्हणून अपग्रेडला उभं राहायला खाली मूळ लायसन्स लागतं, आणि नव्या मशिनवर जाताना दोन्ही बरोबर जावी लागतात.

यातून दुसरी गोष्ट निघते, ती लोकांना जास्त खटकते. अपग्रेड घेतल्यावर मूळ लायसन्स सुटं राहत नाही, ते अपग्रेडमध्ये मिसळून जातं. तुमच्याकडे दोन डिस्का असल्या तरी हक्क एकाच कॉपीचा. नवं व्हर्जन नव्या मशिनवर टाकलं आणि जुनं मशिन जुन्या व्हर्जनसकट भाच्याला दिलं, तर तिकीट एकाने वापरलं आणि पावती दुसऱ्याने. आमच्या ओळखीत हे अगदी सर्रास होतं, आणि करणाऱ्याच्या मनात फसवण्याचा विचारही नसतो. डिस्क विकत घेतली म्हणजे ती वस्तू माझी, असं वाटणं साहजिक आहे. पण आपण घेतो तो वापरण्याचा परवाना, आणि त्याच्या अटी इन्स्टॉल करताना ‘मान्य आहे’ वर क्लिक करून आपणच स्वीकारलेल्या असतात.

विंडोज : आधी बघा तुमच्याकडे काय आहे

विंडोजचं लायसन्स साधारण तीन वाटांनी आलेलं असतं. मशिनबरोबर कंपनीने दिलेलं, म्हणजे ओईएम. दुकानातून वेगळं विकत घेतलेलं, म्हणजे रिटेल. आणि मोठ्या संस्थांना घाऊक करारातून मिळणारं व्हॉल्यूम. ओईएम त्या मशिनचंच असतं, मदरबोर्ड गेला की तेही गेलं. रिटेल एका मशिनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. व्हॉल्यूम संस्थेच्या नावावर असतं, ते घरी आणायचं नसतं.

जुनं मशिन अजून सुरू होत असेल तर हे तपासायला दोन मिनिटं लागतात. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. चौकट उघडेल तिच्यात इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर टाइप करा, एक जागा सोडा, मग तिरपी रेघ आणि तिला चिकटून डीएलआय. एंटर मारल्यावर एक छोटी खिडकी येते. तिच्यात वर्णनाच्या ओळीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द असतो. घरच्या मशिनवर तिथे व्हॉल्यूम आणि केएमएस क्लायंट (म्हणजे घाऊक करारातल्या मशिनांची खूण) असं दिसलं, तर जवळपास नक्की समजा की ज्याने मशिन बनवून दिलं त्याने लायसन्सचे पैसे कुणालाच दिलेले नाहीत. गेल्या वर्षी एका काकूंच्या मशिनवर हे निघालं. बिलात विंडोजचे पैसे वेगळे लावलेले होते. काकूंना सांगताना मलाच वाईट वाटलं.

आता अपग्रेडचं. विंडोज ७ चं अपग्रेड खोकं एक्सपी किंवा व्हिस्टाचं लायसन्स असलेल्यांसाठी होतं. कोऱ्या डिस्कवर थेट टाकलं की ॲक्टिव्हेशनला, म्हणजे कंपनीकडून की मान्य करून घेताना, जो एरर येतो त्याच्या शेवटी एफ०६१ असतं. तुमची की खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही. ती की अपग्रेडची आहे आणि खाली जुनं विंडोज सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीतला, एक आकडा बदलून ही तपासणी चुकवायची युक्ती तेव्हा सगळ्यांना पाठ होती. ज्याच्याकडे एक्सपीचं लायसन्स खरंच होतं आणि डिस्क खराब झाली होती, त्याचं त्याने काम निघालं. ज्याच्याकडे नव्हतं त्याचंही विंडोज सुरू झालं, पण म्हणून त्याला हक्क मिळाला नाही. प्रोग्राम चालणं वेगळं आणि तो चालवायचा परवाना असणं वेगळं.

विंडोज ८ आलं तेव्हा, २०१२ च्या ऑक्टोबरपासून २०१३ च्या जानेवारीअखेरपर्यंत, भारतात अपग्रेड १,९९९ रुपयांना मिळत होतं. ते घेतलेले अजून भेटतात. तेही अपग्रेडच आहे, पूर्ण लायसन्स नाही. पुढे विंडोज ८.१ पासून दुकानातली खोकी पूर्ण व्हर्जनची यायला लागली आणि हा घोळ त्या बाजूने मिटला.

मिटला म्हणते, तोवर २०१५ उजाडलं. २९ जुलै २०१५ पासून वर्षभर विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना विंडोज १० फुकट मिळालं. या फुकट अपग्रेडला स्वतःची की नव्हती. त्या मशिनच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली गेली, आणि तेच लायसन्स. त्याला आता डिजिटल लायसन्स म्हणतात.

इथे हमखास फसायला होतं. कुणीतरी सांगतं की जुन्या मशिनवर की शोधणारा छोटा प्रोग्राम चालव, जी की दिसेल ती लिहून घे, नव्या मशिनवर टाक. माणूस मन लावून ती लिहून घेतो. होम असेल तर ती ८एचव्हीएक्स७ ने संपते आणि प्रो असेल तर ३व्ही६६टी ने. या दोन्ही कळा तुमच्या नव्हेत. अशा लाखो मशिनांवर हीच अक्षरं आहेत. ती फक्त कुठलं व्हर्जन बसवायचं ते सांगतात, ॲक्टिव्हेशन त्यांनी होत नाही. तुमच्या कागदावर ही अक्षरं असतील तर तिथेच थांबा, त्या कीवर आणखी वेळ घालवू नका.

मदरबोर्ड बदलला असेल आणि लायसन्स मुळात रिटेल असेल, तर विंडोज १० मध्ये ऑगस्ट २०१६ च्या अपडेटपासून एक चांगली सोय आहे. बदल करण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन डिजिटल लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवायचं. नंतर ॲक्टिव्हेशनच्या पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडायचा आणि त्याच खात्याने आत जायचं. खातं आधी जोडलेलं नसेल तर हा पर्याय कामाचा नाही, म्हणून जुनं मशिन चालू आहे तोवरच जोडून ठेवा.

आणखी एक. पूर्वी विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की विंडोज १० ला चालायची. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही वाट बंद झाल्याचं जाहीर केलं. कुणी अजून कपाटातली विंडोज ७ ची की जपून ठेवली असेल तर नव्या मशिनसाठी तिचा आता उपयोग नाही. आजकालच्या ब्रँडेड नव्या मशिनवर विंडोज ११ बहुधा आलेलंच असतं, त्याची की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. म्हणून विंडोजच्या जुन्या अपग्रेडपायी जीव टाकू नका. खरं नुकसान बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं.

मामांच्या छापखान्यातली गोष्ट

माझ्या मामांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, दुकानांची बिलबुकं. फोटो दुरुस्त करायचा एक प्रोग्राम त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतला, नंतर त्याचं अपग्रेड घेतलं. दोन्ही रीतसर, पक्क्या बिलाने. मामांना या गोष्टीचा अभिमान होता, कारण आजूबाजूला बहुतेकांकडे तोच प्रोग्राम फुकटात आलेला होता.

नवं मशिन आलं. अपग्रेडचा सीरियल नंबर इन्स्टॉलरने घेतला, हिरवी खूण आली, आणि पुढच्या पानावर विचारलं की याआधीचं कुठलं व्हर्जन होतं ते निवडा आणि त्याचा सीरियल नंबर द्या. जुन्या मशिनवर हा प्रश्न कधी आलाच नव्हता, कारण जुनं व्हर्जन तिथे आधीपासून बसलेलं होतं आणि इन्स्टॉलरने ते आपणहून ओळखलं होतं. आता मशिन कोरं. मूळ व्हर्जनचं खोकं दोन दिवाळ्यांपूर्वीच्या साफसफाईत गेलेलं. जुन्या मशिनची हार्ड डिस्क बंद पडलेली.

आम्ही दोन संध्याकाळी शोधलं. कपाटं, माळा, मामींच्या शिवणाच्या मशिनखालचा खण. एका पाकिटात दुकानाचं बिल सापडलं, पण ते थर्मल कागदाचं, पार पांढरं पडलेलं. शेवटी मला आठवलं की सॉफ्टवेअर हेही मालमत्तेत धरतात. मामांचे सीए दरवर्षी कॉम्प्युटरबरोबर त्याचाही घसारा लावत असणार, म्हणजे खरेदीचं बिल त्यांच्या फायलीत असलं पाहिजे. फोन केला. त्यांच्याकडे मूळ खरेदीच्या बिलाची झेरॉक्स निघाली, आणि दुकानदाराने वस्तूच्या नावाखाली बॉलपेनने सीरियल नंबर लिहून ठेवला होता. त्या दुकानदाराचे मी अजून मनातल्या मनात आभार मानते.

नंबर भरला, इन्स्टॉल झालं. मग ॲक्टिव्हेशनला अडलं. त्या लायसन्सवर दोन कॉम्प्युटरांची मुभा होती, एका वेळी एकच वापरायचा या अटीवर. एक जागा मेलेल्या मशिनने अडवलेली, दुसरी मामेभावाच्या लॅपटॉपने. लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला, हेल्पच्या मेनूत डीॲक्टिव्हेट होतं ते केलं, आणि नवं मशिन लगेच चालू झालं. दोन मशिनांची मुभा देणाऱ्या बऱ्याच प्रोग्रामांत हा पर्याय असतो. मात्र तो त्या मशिनवर बसूनच वापरावा लागतो, आणि तेही सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करण्याआधी. नुसतं अनइन्स्टॉल केलं किंवा डिस्क फॉरमॅट केली तर जागा सुटेलच असं नाही. सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून तिथेच आहात. हे एक वाक्य आधी कळलं असतं तर कितीतरी लोकांचे हेलपाटे वाचले असते.

मूळ मशिन पार मेलं असेल आणि जागा सुटत नसेल, तर कंपनीच्या मदतकक्षाकडे मूळ आणि अपग्रेड दोन्हींचे नंबर आणि बिल पाठवून जागा मोकळी करून मागायची. जुन्या व्हर्जनबाबत मात्र एक धोका आहे. ॲक्टिव्हेशनचे सर्व्हर कायमचे नसतात. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा विकत घेतलेल्यांसाठी सर्व्हरशिवाय चालणारी कॉपी उपलब्ध करून दिली होती. प्रत्येक वेळी असं होईल हे धरून चालू नका. मशिन सुस्थितीत असतानाच नवीन मशिनवर जा.

कोरल, ऑफिस आणि इतर

कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामच्या अपग्रेडलाही आधीच्या व्हर्जनचा सीरियल नंबर लागतो. त्यात ओळखायची एक सोय आहे. नंबर डीआरने सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे व्हर्जन सांगतात. डीआर१५ म्हणजे एक्स५, डीआर१७ म्हणजे एक्स७, कारण तो एक्स म्हणजे रोमन दहा. तेव्हा कागदावर नुसता नंबर सापडला, कशाचा ते लिहिलेलं नसलं, तरी मूळ कुठला आणि अपग्रेडचा कुठला हे समजतं. खजुरी बाजारातल्या एका छापखान्यात तीन चिठ्ठ्या निघाल्या होत्या, त्या अशाच लावून दिल्या.

ऑफिसचं थोडक्यात. २००७ पर्यंत त्याची अपग्रेड खोकी मिळत, २०१० पासून ती बंद झाली. २०१३ चं ऑफिस आलं तेव्हा सुरुवातीला ते एकाच मशिनला कायमचं बांधलेलं होतं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर मार्च २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नियम बदलला आणि ९० दिवसांत एकदा दुसऱ्या मशिनवर नेण्याची मुभा दिली. पण मशिनबरोबर आधीच बसवून आलेलं ऑफिस त्या मशिनचंच, हे विसरू नका. आणि ‘होम अँड स्टुडंट’ लिहिलेलं असेल तर ते दुकानाच्या किंवा क्लासच्या कामाला वापरायचं नाही, तशी त्याची अट असते.

अँटीव्हायरसच्या रिन्युअल पॅकचीही जात तीच. नवीन पॅकपेक्षा तो स्वस्त मिळतो, कारण त्याला जुनी की लागते.

टॅली : आधी सरेंडर, मग बाकी सगळं

टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचे फोन मला सगळ्यात जास्त येतात, आणि ते बहुतेक महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास, जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवशी. “ताई, तारीखच घेत नाही. एक, दोन आणि एकतीस सोडून काही टाकू देत नाही.” हे वाक्य ऐकलं की पुढचं विचारायची गरज नसते. टॅलीला नव्या मशिनवर लायसन्स सापडलं नाही आणि ती एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे नुसत्या शिकण्यापुरत्या रूपात, गेली आहे.

टॅलीचं लायसन्स त्या मशिनला बांधलेलं असतं, पण तुम्हाला ते स्वतः सोडवता येतं. जुन्या मशिनवर टॅली प्राइम उघडा, हेल्पमध्ये सेटिंग्ज, तिथे लायसन्स, आणि सरेंडर. इंटरनेट चालू हवं. सरेंडर झालं की नव्या मशिनवर टॅली बसवून त्याच सीरियल नंबरने परत ॲक्टिव्हेट करायचं. नोंदलेल्या ईमेलवर अनलॉक की येते, ती भरली की झालं. टॅलीचं जुनं ईआरपी ९ व्हर्जन असेल तर हेच एफ१२ च्या खाली लायसन्सिंगमध्ये सापडेल.

सरेंडर या शब्दाची लोकांना भीती वाटते. वाटतं की दाबलं आणि हिशेब पुसले गेले तर? हिशेबाच्या डेटाला त्याने हात लागत नाही, तो वेगळ्या फोल्डरमध्ये असतो आणि तिथेच राहतो. तरी आधी बॅकअप घ्याच. तो तर रोज घ्यायचा.

जुनं मशिन सुरूच होत नसेल तर नव्या मशिनवरून रीॲक्टिव्हेट करता येतं. पण त्यालाही अनलॉक की नोंदलेल्या ईमेलवरच येते, आणि आमच्याकडचा अर्धा गुंता इथे असतो. तो ईमेल कुणाचा? ज्याने टॅली बसवून दिली त्या मुलाचा. तो मुलगा कुठे आहे? पाच वर्षांपूर्वी पुण्याला गेला. आज, मशिन धड असताना, आपल्या टॅलीत कुठला ईमेल नोंदलेला आहे ते उघडून बघा, आणि तो तुमचा नसेल तर बदलून घ्या.

आता टॅलीतली फरकाची पावती. टीएसएस नावाचं वार्षिक नूतनीकरण असतं. ते संपलं तरी लायसन्स संपत नाही. तुमच्या मुदतीच्या आत आलेली रिलीज तुम्ही पुढेही वापरू शकता. घोळ असा होतो की नवं मशिन आल्यावर माणूस वेबसाइटवरून सगळ्यात ताजी रिलीज उतरवतो. तिच्यावर त्याचा हक्क नसतो, म्हणून लायसन्स लागत नाही, आणि त्याला वाटतं सरेंडरमध्ये काहीतरी चुकलं. चुकलेलं काहीच नसतं. जुन्या मशिनवर जी रिलीज होती तिचा नंबर बघून तीच बसवा, किंवा टीएसएस भरून टाका. माझं मत विचाराल तर चालू धंद्याने टीएसएस भरावं. जीएसटीतले बदल सारखे येत असतात आणि जुन्या रिलीजवर ते हाताने सांभाळणं फार त्रासाचं आहे.

क्रॅकबद्दल

या सगळ्या खटपटीत कुणीतरी शेजारून म्हणतंच की कशाला एवढं, पेनड्राइव्ह आणतो, पाच मिनिटांत टाकून देतो. ज्याने दोनदा पैसे भरले आहेत त्याला हे ऐकायला फार गोड वाटतं. माझं त्याला कळकळीने सांगणं असतं की थांबा. तुमच्याकडे हक्क आहे, फक्त त्याचा कागद सापडत नाही. क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणारा प्रोग्राम, टाकलात की असलेला हक्कही तुम्ही झाकून टाकता, आणि शिवाय अँटीव्हायरस बंद करून कुणा अनोळखी माणसाचा प्रोग्राम हिशेबाच्या मशिनवर चालवता.

आपला कायदाही बघण्यासारखा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ रीतसर कॉपी बाळगणाऱ्याला बॅकअपसाठी कॉपी करायची मुभा देतं. डिस्क खराब होईल म्हणून तिची कॉपी करून ठेवली तर त्यात गैर काही नाही. पण कलम ६३ ख प्रमाणे चोरीची कॉपी जाणूनबुजून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं. छापखाना किंवा ऑफिस म्हणजे मात्र धंदाच.

तीन-चारशे रुपयांत इंटरनेटवर मिळणाऱ्या कळांचंही तसंच. कधी कधी त्या कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक करारातल्या असतात. काही महिने चालतात, मग एके दिवशी बंद होतात, आणि विकणारा सापडत नाही.

काहीच सापडलं नाही तर

तर ते अपग्रेड नव्या मशिनवर नेता येणार नाही, हे मान्य करावं लागतं. हे सांगायला मला आवडत नाही, कारण समोरच्याने पैसे खरे भरलेले असतात. तरी सोडून देण्याआधी तीन ठिकाणं बघा. सीएची फाइल सांगितलीच. दुसरं, त्या वेळी ज्या ईमेलवरून सॉफ्टवेअर रजिस्टर केलं असेल त्या ईमेलने कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करा, पासवर्ड विसरला असाल तर नवा मागवा. बऱ्याच कंपन्या नोंदलेले जुने नंबर खात्यात दाखवतात. तिसरं, जुनी हार्ड डिस्क. मशिन मेलं म्हणजे डिस्क मेलीच असं नाही. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा बोर्ड गेलेला असतो आणि डिस्क ठणठणीत असते. यूएसबीच्या खोक्यात घालून दुसऱ्या मशिनला लावा, कुठे टेक्स्ट फाइलमध्ये, स्कॅनमध्ये, जुन्या मेलमध्ये नंबर लिहिलेला आहे का ते शोधा.

सापडला की वहीत लिहा आणि फोटो काढून स्वतःला मेल करा. मूळचा नंबर, अपग्रेडचा नंबर, बिल, आणि रजिस्टर केलेला ईमेल, चारही एकाच ठिकाणी. थर्मल बिलाचा फोटो तर घेतला त्याच दिवशी काढा.

आणि मराठी डीटीपीचं लॉक

श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या छापखान्यांत बहुतेक ठिकाणी डोंगलमध्ये, म्हणजे मशिनच्या पोर्टला लावायच्या छोट्या ठोकळ्यात, असतं. आमच्याकडे त्याला नुसतं लॉक म्हणतात. हे न्यायला सगळ्यात सोपं, कारण परवानगी कुणाची मागायची नाही, लॉक काढायचं आणि नव्या मशिनला लावायचं. अडचण जुन्या, पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टच्या लॉकची. नव्या मशिनला तो पोर्टच नसतो. बाजारात यूएसबीला जोडायची प्रिंटरची केबल मिळते, ती घेऊ नका. ती प्रिंटरपुरती असते, असं लॉक तिच्यावर सहसा ओळखलं जात नाही. टॉवर कॅबिनेट असेल आणि मदरबोर्डवर जागा असेल तर पॅरलल पोर्टचं कार्ड बसवून बघता येतं, नाहीतर कंपनीकडून यूएसबी लॉक बदलून मिळतं का ते विचारायचं. तोवर जुनं मशिन इंटरनेट काढून, फक्त टायपिंगसाठी ठेवलं तरी चालतं. युनिकोडपूर्वीच्या त्या फाँटांतल्या वीस-वीस वर्षांच्या फायली उघडायला तेच लागतं.

हे लॉक मशिनच्या मागच्या बाजूला असतं, भिंतीकडे, धुळीत, आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिल्यामुळे ते आहे हेच कुणाच्या लक्षात राहत नाही. इंदूरच्या कचरागाडीत ई-वेस्टचा वेगळा कप्पा असतो, कबाडीही दारात येऊन मशिन उचलून नेतो, म्हणजे जुनं मशिन घरातून जायला वेळ लागत नाही. एका छापखान्याचं मशिन असंच लॉकसकट गेलं. कळलं तेव्हा तीन दिवस झाले होते. कबाडी ओळखीचा होता म्हणून त्याच्या गोदामात जाऊन ढिगातून ती कॅबिनेट शोधली. रॅम आणि डिस्क काढून झाली होती, पण मागे दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेलं लॉक कुणी काढलं नव्हतं. स्क्रू ड्रायव्हर मी बरोबर नेलाच होता.